मार्गदर्शक फडावर कधी जाणार?



  समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षाने अधिवेशनात वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पुस्तकं आली, चर्चासत्रं झाली, त्यांची नोंद स्मरणिकेत आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गापर्यंत क्षेत्र प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प आणले. विशीतली मुलं प्रश्नावल्या घेऊन वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडावर निघाली. सकाळच्या सत्रात या प्रकल्पांच्या नीतिमत्तेवर खडाजंगी झाली, पण ती सगळी वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरभोवतीच फिरत राहिली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. मग कोणाचा अहवाल किती टक्के निघाला, याचीच चर्चा. मित्रहो, खोलीवर बसून एका रात्रीत भरलेल्या पन्नास प्रश्नावल्यांचं कुणाशीच साम्य निघत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी तो अहवाल शंभर नंबरी! आणि मुलं खोलीवर बसून का भरतात? विषय जानेवारीत मिळतो, अहवाल मार्चमध्ये हवा असतो, एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून जातं आणि सोबत कोणीही नसतं.

दुसरा वाद संमतिपत्राचा. लेखी घ्यावं की तोंडी? त्याचं उत्तर मला उसाच्या फडावर मिळालं. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बातम्या झाल्या, आणि जो तो विद्यार्थी हाच विषय मागू लागला. अशाच एका प्रकल्पाच्या वेळी मी मुलींबरोबर फडावर होतो. एकीने संमतिपत्र आणि शाईचा पॅड पुढे केला. समोरची बाई म्हणाली, "उचलीच्या कागदावर अंगठा दिला, ती अजून फिटली नाही. दवाखान्यात दिला, पिशवी गेली. आता तुमच्या कागदावर देऊन काय जाणार हाय?"

माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य-संशोधनापुरती सांगतात, की निरक्षर व्यक्तीच्या अंगठ्यासोबत निःपक्षपाती साक्षीदार हवा. फडावर असा साक्षीदार कुठून आणायचा? तिथे असतो तो टोळीला आगाऊ उचल देणारा मुकादम. मुकादमाने "सांगा गं" म्हटलं की सगळ्या सांगतात, आणि आपण त्याला संमती म्हणतो. संमती हवी असेल तर प्रश्नावली दप्तरातच ठेवून दोनचार वेळा त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जाऊन बसावं लागतं, मुकादम दूर असताना विचारावं लागतं, आणि "नको" म्हणणाऱ्या बाईला पुन्हा न विचारता उठावं लागतं. हे विद्यार्थ्याला कोण शिकवणार? संशोधन पद्धतीच्या पेपरमधल्या पाच गुणांच्या टिपेतून ते येत नाही. ते मार्गदर्शकाच्या शेजारी बसून पाहावं लागतं, आणि माझी तक्रार इथेच आहे.

दुसऱ्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीचा मला रात्री फोन आला. तिच्या प्रश्नावलीत नेहमीचा रकाना होता, लग्नाच्या वेळचं वय. समोरच्या मुलीने सांगितलं, सोळा. लग्न गेल्याच वर्षी झालेलं, आता तिला दिवस गेलेले. संमतिपत्रावर छापलं होतं, 'आपली माहिती गोपनीय राहील'. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. विद्यार्थिनी रडत होती. "सर, मी तिला शब्द दिलाय." तिचे मार्गदर्शक फोन उचलत नव्हते. मी सकाळच्या पहिल्या गाडीने फडावर गेलो. पुढे काय झालं ते इथे सांगणार नाही. सांगितलं तर ती मुलगी ओळखू येईल.

पण तो रकाना तिथे कोणी ठेवला? एखाद्या जुन्या प्रबंधातून उचललेल्या प्रश्नावलीवर "तपासले" असं लिहून सही कोणी केली? जे आश्वासन कायद्याने पाळता येत नाही, ते विशीतल्या पोरीच्या तोंडी कोणी घातलं? नीतिमत्ता आपण तिच्याकडून मागतो आणि स्वतःकडे फक्त सही ठेवतो. मला याचा संताप येतो, आणि तो वयामुळे कमी झालेला नाही.

सहकारी म्हणतील, नॅकची कामं आहेत, पेपर तपासायचे आहेत, एकेकाकडे वीस-वीस प्रकल्प आहेत. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना तर प्रवासखर्चही मिळत नाही. हे सगळं खरं आहे. मग वीस वस्त्यांत वीस मुलं सोडू नका. सगळ्यांची मिळून एकच वस्ती घ्या, एकच विषय घ्या, आणि तिथे स्वतः जा. गुढीपाडव्यानंतर टोळ्या गावी परतलेल्या असतात, तेव्हा मुलांना घेऊन पुन्हा जा. काय लिहिलं ते वाचून दाखवा. कोणी म्हणालं "हे खोडा", तर खोडा.

मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वं तयार झाली. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगी तशी एखादी मराठी पुस्तिका परिषदेनेही काढावी, पॉक्सोसारख्या कायद्यांच्या माहितीसह. लेखन कोणी करायचं, खर्च कुठून, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. मी हाताशी आहेच.

उद्या दुपारी विद्यार्थ्यांचे निबंध आहेत. सत्राचा अध्यक्ष मीच आहे. प्रत्येक निबंधानंतर पहिला प्रश्न मी मार्गदर्शकांना विचारणार आहे, आपण तिथे केव्हा गेला होतात? उत्तर द्यायला मार्गदर्शकांनी कृपया सभागृहात हजर राहावं.