काकींच्या डोक्याला कावळा लागला तेव्हा

आज आमच्या बचत गटात घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट कावळ्याची आहे, पण त्याहून जास्त आमचीच आहे.

मे महिना संपत आला होता. मृग लागायच्या आत कुरडयांचं शेवटचं वाळवण उरकायचं होतं. चीक शिजवून, सोऱ्या घेऊन आम्ही सात-आठ जणी भल्या पहाटे अंगणात बसलो. कडेच्या कडुलिंबावर गावकावळ्याचं घरटं होतं. गावकावळा म्हणजे राखाडी मानेचा, आपल्या दारात रोज येतो तो. सगळा काळाकुट्ट आणि जाड चोचीचा असतो तो डोमकावळा.

त्या दिवशी घरट्यातलं एक पिल्लू खाली आलं. पिसं फुटली होती, पण नीट उडता येत नव्हतं. कुत्रं धरील म्हणून आमच्या काकींनी ते उचललं आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. तेवढ्यात मागून कावळ्याने झडप घातली आणि काकींच्या डोक्यात टोच मारली. दुसऱ्या दिवशी काकी अंगणात आल्या की पुन्हा तेच. लुगडं दुसरं होतं, डोक्यावर पदर होता, तरी एवढ्या जणींतून कावळ्यांनी त्यांनाच हेरलं.

झालं! गावात बोलणं सुरू झालं. डोक्याला कावळा लागला, आता काहीतरी वाईट होणार. त्यातून काकी विधवा. कुणी म्हणालं, त्यांचा हात कुरडयांना लावू नका. खरं सांगतो, तेव्हा आम्ही गप्प बसलो. आमच्यातल्या दोघींनी तर मान डोलावली. काकी काही न बोलता घरी गेल्या. तीन दिवस आल्या नाहीत. तीन दिवसांची मजुरी बुडाली.

चौथ्या दिवशी पिल्लू भिंतीवरून पुन्हा खाली पडलं. आमच्यातल्या एकीने सूप पुढे करून त्याला बाजूला सारलं, तर कावळे तिच्याही अंगावर आले. ती तर सवाष्ण! तेव्हा आमचे डोळे उघडले. हा अपशकुन कसला? आईबापच ते, लेकरासाठी भांडत होते. आपल्या पोराला अनोळखी माणसाने उचललं तर आपण काय करू?

कावळा माणसाचा चेहरा ओळखतो, हे अभ्यासातूनही दिसलं आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली एक प्रयोग केला. एक मुखवटा घालून त्यांनी काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत मागे लागायचे. ज्यांना कधी पकडलं नव्हतं, असे कावळेही त्यात सामील व्हायचे. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, पण आपल्या कावळ्याच्या भावकीतलाच.

मग आम्ही सगळ्या मिळून काकींच्या घरी गेलो. चुकलो म्हणालो. तीन दिवसांची मजुरी गटातून दिली. काकी म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या. त्या दिवशी एकीने तरी तोंड उघडायला हवं होतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात असं पिल्लू दिसलं तर घरी नेऊ नका. आईबाप जवळच असतात, तेच त्याला भरवतात. कुत्र्या-मांजराची भीती असेल तर जवळच्या फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा आणि लांब व्हा. जाताना डोक्यावर छत्री किंवा सूप धरा. पिल्लू उडायला लागलं की कावळ्यांचा राग निवळतो. वाळवणावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा, म्हणजे दगड मारायची वेळ येत नाही.

शेवटचं एक. बाई महिन्याची बाजूला बसली की आपण "कावळा शिवला" म्हणतो. त्यात बिचाऱ्या कावळ्याचा काय संबंध? काकींच्या निमित्ताने आमच्या गटात हाही विषय निघाला. त्या चार दिवसांत कुरडया करायच्या की विश्रांती घ्यायची, हे आता जिचं तिने ठरवायचं. कुणी कुणाला उठवायचं नाही.

काकी पुन्हा सोऱ्या धरायला लागल्या आहेत. तुमच्या गटात अशी कुणी घरी बसली असेल, तर आज संध्याकाळीच तिच्या दारी जाऊन या.