पुस्तक कपाटातून बाहेर काढा

(छत्रपती संभाजीनगर इथे अंगणवाडीताई आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्मविश्वास हा शब्द आपण बायकांच्या शिबिरांत फार वापरतो. पण चार वर्षांच्या मुलीत तो येतो कुठून? आपण काही बोललो आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं, इथून. अंगणवाडीत मूल बोलतं ते बहुतेक पाठ केलेलं. गाणं म्हण, अंक म्हण, फळांची नावं सांग. ज्याला येत नाही ते मागे सरकून बसतं, आणि मागे बसलेल्याशी खेळायला कुणी जात नाही.

चित्रांचं पुस्तक इथे कामाला येतं, कारण चित्राबद्दल बोलताना चुकायची भीती नसते. आपल्या शहरात आणखी एक कारण आहे. किराडपुऱ्यातलं मूल घरी दखनी बोलतं, तांड्यावरून आलेलं गोरमाटी. कामासाठी जालना-बीडकडून आलेल्यांची मराठी निराळी. पुस्तकी मराठीत प्रश्न आला की ही मुलं गप्प. चित्रातलं मांजर मात्र सगळ्यांना कळतं. एक मांजर म्हणते, दुसरी बिल्ली म्हणते, आणि त्या दोन शब्दांवरून दोघींची गट्टी जमते.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ बघा. राधा घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच. पण मुलं लगेच आपापलं घर सांगू लागतात. ‘आमच्याकडे बाबा नाहीत, मामा आहे,’ असं एखादी म्हणाली तर घाईने पान उलटू नका. तिला बोलू द्या. शेजारचीही ऐकते आहे, कदाचित तिच्याही घरी तसंच असेल.

चित्रांत बाई कुठे दिसते, तेही तपासा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडताना स्त्री-पुरुष दोघं दाखवले, तर केवढी चर्चा झाली! आपण दुसरीपर्यंत थांबायचं कशाला? कमला भसीन यांच्या ‘मालू भालू’ची नायिका अस्वलाची धीट पोर आहे. असली पुस्तकं तीन-चार वर्षांच्या मुलींना मिळाली पाहिजेत. मुलग्यांनाही.

वाचायचं कसं? अर्धगोल बसवा, पान मुलांकडे करून धरा. ‘हा रंग कोणता?’ विचारलंत की परीक्षा सुरू झाली. ‘आता ही काय करेल?’ विचारा, आणि थांबा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही! नंतर दोघादोघांत एक पुस्तक द्या. एकाने धरायचं, दुसऱ्याने पान उलटायचं. भांडण होईल, होऊ द्या. मिटवायला तीच शिकतात.

आता खरी अडचण. पुस्तकं आहेत, पण कुलपात. फाटली तर भरून कोण देणार, ही ताईंची भीती खोटी नाही. मानधन तुटपुंजं, आणि वर हिशेब चोख पाहिजे. म्हणून ही मागणी आपल्या गटांनी उचलावी : वापरून फाटलेलं पुस्तक नोंदीतून कमी व्हावं, ताईंच्या माथी मारू नये. याच शहरात २०२१ साली मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने मोहल्ल्यात मुलांचं वाचनालय सुरू केलं, आणि तशी वाचनालयं पुढे इतर मोहल्ल्यांतही निघाली. तिथे पुस्तक मुलांच्या हातात जातं.

पुढच्या बैठकीला येताना फाटकी पुस्तकं घेऊन या. खळ, सुईदोरा आणि जुन्या साड्यांच्या पट्ट्या आम्ही आणतो.