फोटोतल्या बाईचं नाव काय?

(परळी वैजनाथ येथे ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



या सत्राचा विषय 'अहवाल आणि छायाचित्रं' असा ठरला आहे. त्यासाठी मी तुमच्यापुढे यूडोरा वेल्टी या अमेरिकन कादंबरीकार बाईचं काम मांडणार आहे. परळीच्या शिबिरात मिसिसिपीची बाई कशाला, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. गरीब बायकांचे फोटो काढायचे, त्यांच्याबद्दल लिहायचं, हे आपण सगळ्याच करतो. ते करताना त्या बाईचं आपल्या हातून काय होतं, हा प्रश्न वेल्टीच्या कामात फार स्पष्ट दिसतो. तिने काय साधलं तेही दिसतं, काय राहून गेलं तेही.

वेल्टीचा जन्म १९०९ साली मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात, गोऱ्या, खात्यापित्या घरात झाला. वडील विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आई लग्नापूर्वी शिक्षिका. मुलीला लेखक व्हायचं होतं. लिहिण्यावर पोट भरत नाही, हाती काहीतरी व्यवसाय असावा, असं वडिलांचं म्हणणं. म्हणून न्यूयॉर्कला जाऊन ती जाहिरातीचं शास्त्र शिकली. पण तो काळ महामंदीचा. नोकऱ्या नव्हत्या. १९३१ साली वडील रक्ताच्या कर्करोगाने गेले आणि ती जॅक्सनला परतली. रेडिओत, वर्तमानपत्रात मिळेल ते काम केलं. पुढे बेकारांना काम देणारी एक सरकारी योजना आली. आपल्या रोजगार हमीवरून तुम्हाला तिची कल्पना येईल. या योजनेच्या प्रसिद्धी विभागात तिला नोकरी लागली. राज्यभर फिरायचं, कुठे काय काम चाललं आहे ते पाहायचं, लोकांशी बोलायचं आणि लिहून द्यायचं.

फोटो काढणं हा त्या नोकरीचा भाग नव्हता. कॅमेरा तिचा स्वतःचा होता. रात्री घरच्या स्वयंपाकघरात अंधार करून ती फिल्म धुवायची.

मिसिसिपीत तेव्हा सुमारे निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती. बहुतेकांना मत देता येत नव्हतं, शाळा वेगळ्या, दवाखान्यात दारं वेगळी. कापसाच्या रानात दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचं आणि कर्जात राहायचं. मराठवाड्यातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. वेल्टीच्या फोटोंत या लोकांमधल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. रानात कुदळणारी आहे, तशीच शनिवारच्या सुट्टीला ओसरीवर निवांत रेललेलीही आहे. दुकानाच्या काचेपुढे थबकलेली आहे. विटका स्वेटर घातलेली एक प्रौढ बाई आहे. तिच्या अंगावरची गरिबी लपत नाही, पण आपली नजर कपड्यांवर न थांबता चेहऱ्यावर जाते. या बायका काम करतात, हसतात, नटतात, थकतात. आपली कीव करा असं कुणीच म्हणत नाही.

त्याच काळात सरकारने नेमलेले छायाचित्रकारही दुष्काळ आणि बेकारी टिपत फिरत होते. डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला 'स्थलांतरित आई'चा फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. लेकरं आईला बिलगली आहेत, तिचा हात गालावर आहे. हा फोटो जगभर गेला. त्याचा उपयोगही झाला, उपाशी मजुरांच्या त्या तळावर सरकारने अन्न पाठवलं. पण लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. आपल्याला त्यातून काहीच मिळालं नाही, अशी तिची तक्रार होती. सगळ्या जगाने जिचा चेहरा पाहिला, तिला चाळीस वर्षं कुणी नावाने हाक मारली नाही.

वेल्टीनेही बहुतेक फोटोंखाली गाव आणि प्रसंग लिहिला, माणसाचं नाव लिहिलं नाही. तिच्या हातून राहिलं ते हेच. शिवाय ती गोरी होती. त्या काळात गोऱ्या बाईने कॅमेरा रोखला तर काळ्या बाईला 'नको' म्हणणं किती सोपं होतं, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

तरी एक अपवाद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जॅक्सनमध्ये आयडा मटॉय नावाची एक काळी म्हातारी होती. आयुष्याचा मोठा काळ तिने सुईणपण केलं, मग जुने कपडे विकायचा धंदा केला. वेल्टीने तिचे फोटो काढले आणि १९४२ साली तिच्यावर, तिच्याच नावाने, एक लेख लिहिला. त्यात मटॉय बोलते, स्वतःबद्दलचे मोठमोठे दावे करते, येणाऱ्याजाणाऱ्यावर हुकूम गाजवते. फोटोत मावलं नाही ते शब्दांत आलं.

वेल्टीची वाट अशीच कॅमेऱ्याकडून शब्दांकडे गेली. १९३६ साली न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा दुकानाच्या दालनात तिच्या फोटोंचं प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी तिची पहिली कथा छापून आली. फोटो आणि कथा एकत्र करून पुस्तक काढायचा तिचा प्रयत्न प्रकाशकांनी परतवला. ते फोटो पुस्तकरूपात यायला १९७१ साल लागलं. मधल्या काळात, १९५० साली, पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात ती कॅमेरा बाकावर विसरली. स्वतःचाच राग येऊन तिने दुसरा घेतला नाही. पण पाहण्याची सवय तोवर लेखणीत उतरली होती.

तिची १९४१ सालची 'अ वर्न पाथ' ही कथा पाहा. रुळलेली वाट, असं म्हणू. लांबवर रानातून एकटी चालत जाणारी एक म्हातारी वेल्टीला दिसली होती, त्यावरून ही कथा सुचली. कथेतल्या म्हातारीला फिनिक्स जॅक्सन असं नाव आहे, नातू आहे, हट्ट आहे. नातवाच्या घशाच्या औषधासाठी ती थंडीत कित्येक मैल चालून शहरातल्या दवाखान्यात येते. तिथली बाई वहीत 'धर्मादाय' अशी नोंद करते आणि तिला मोकळं करते. दवाखान्याच्या दृष्टीने ती एक नोंद आहे. कथा वाचणाऱ्याला मात्र वाटेतला काटा, ओढा, कुत्रा, सगळं तिच्याबरोबर पार करावं लागतं. आपल्या तांड्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पायी येणाऱ्या बाईची ओपीडीच्या वहीत एक ओळ होते. तिची वाट कोण लिहितं?

वेल्टीचा आणि आपला एक मतभेदही सांगते. १९६५ साली तिने लेख लिहून बजावलं की कादंबरीकाराचं काम प्रचाराचं नाही. आपण तर प्रचारकच. पण हीच बाई १९६३ च्या जूनमध्ये गप्प बसली नव्हती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सना जॅक्सनमध्ये, त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. वेल्टीने त्याच रात्री खुन्याच्या तोंडून एक कथा लिहिली. असा द्वेष आपल्याच गोऱ्या समाजात कसा पोसला जातो, हे तिला ठाऊक होतं. आरोपी पकडला गेला तेव्हा कथेतले तपशील वास्तवाच्या इतके जवळ निघाले की छापण्यापूर्वी बदलावे लागले. त्या आरोपीला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडलं. मला तिच्या लेखातला इशारा असा कळतो: प्रचाराच्या घाईत माणसाचं नुसतं उदाहरण होतं. चळवळ सोडायची नाही, पण हा इशारा उशाशी ठेवायचा.

तिच्या लेखनाला पडलेला खंडही बायकांच्या ओळखीचा आहे. १९५५ नंतर जवळजवळ पंधरा वर्षं तिचं कथा-कादंबरीचं नवं पुस्तक आलं नाही. आई आजारी होती, भाऊही आजारी, आणि लग्न न केलेली मुलगी घरात. १९६६ च्या जानेवारीत दोघं काही दिवसांच्या अंतराने गेले. त्या वर्षांत ती सापडेल त्या वेळात लिहायची. शिवणाचे तुकडे जोडावेत तसे हस्तलिखिताचे तुकडे टाचण्यांनी जोडायची. १९७० साली मोठी कादंबरी आली आणि १९७३ साली 'द ऑप्टिमिस्ट्स डॉटर'ला पुलित्झर पारितोषिक मिळालं. २००१ साली ती वारली.

आता आपल्याकडे येते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. पहाटेपासून फडात वाकणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच वहीत वेगळं नाही. मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. कॅमेऱ्यामागच्या बाईची ही गत, तर पुढच्या बाईचं काय?

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. शासनाला समिती नेमावी लागली. बातमी बाहेर येणं गरजेचंच होतं. पण त्यानंतर आलेले मथळे आठवा. जणू या बायकांना गर्भाशय नसणं एवढीच ओळख. उचल, खाडे केल्यावरचा दंड, कोपीत नसलेलं पाणी आणि संडास, हे सगळं मागे राहिलं. एका फडावर एका बाईने मला विचारलं, "ताई, मागल्या साली बी असंच आले हुते. मोळी डोक्यावर घिऊन दोनदा चालायला लावलं. ते फोटू गेले कुठं?" मला वाटतं, अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकीने हा प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

म्हणून काही गोष्टी सुचवते. फोटोआधी विचारायचं, आणि 'नको' म्हणायला तिला वेळ द्यायचा. मुकादम शेजारी उभा असताना मिळालेला होकार धरायचा नाही. फोटोसाठी मोळी पुन्हा उचलायला लावायची नाही. काढलेला फोटो तिला दाखवायचा, एक प्रत तिच्या घरी पोचवायची. फोटोखाली नाव, गाव, काम आणि तिचं एक वाक्य, तिच्याच बोलीत. आजारपण, शस्त्रक्रिया, मारहाण अशा बाबतीत नाव आणि चेहरा उघड केल्याने तिला त्रास होऊ शकतो. तेव्हा काय होऊ शकतं ते नीट सांगायचं आणि निर्णय तिच्यावर सोडायचा. नाव लपवायचं तिने ठरवलं तर ते लपवायचं, पण ते आपल्याला माहीत असलंच पाहिजे. आणि आता मोबाइल बऱ्याच घरांत पोचला आहे. आपला फड, आपली कोपी कशी दाखवायची, हे त्यांनाच टिपू द्या. आपल्या नजरेतून सुटलेलं पुष्कळ काही त्यात सापडेल.

दुपारच्या सत्रात आपल्या मागच्या तीन अहवालांतले फोटो भिंतीवर लावू. प्रत्येकीने पाहावं आणि किती बायकांची नावं आपल्याला सांगता येतात ते मोजावं. मग बोलू.