पत्रकाच्या तळाशी नसलेले नाव



भंडारा जिल्ह्यातील राजकारण आणि छापील पत्रक यांचे नाते जुने आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता हे दोघेही येथून उभे होते. त्या काळी पत्रक छापायचे म्हणजे शिशाचा एकेक खिळा जुळवावा लागे. कंपोझिटर, मुद्रितशोधक, यंत्रचालक आणि बांधणीकार अशी कामाची वाटणी असे. आज भंडारा, तुमसर वा साकोलीच्या बाजारपेठेतील लहान छपाईच्या दुकानात ही चारही कामे बहुधा एकाच माणसाच्या अंगावर येतात. कामे चार, वेतन मात्र एक.

हे काम कळ दाबण्याइतके सोपे नाही. लहान ऑफसेट यंत्रावर शाई आणि पाणी यांचा समतोल सतत राखावा लागतो. पाणी वाढले तर अक्षर फिके पडते. कमी झाले तर कोरी जागाही शाई धरते. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि दोन-दोन ताव एकदम ओढले जातात. बोटे फिरत्या रुळांजवळ आणि रूळ पुसण्याच्या द्रावणाची वाफ छातीत, अशा अवस्थेत हा कामगार दिवस काढतो. लग्नसराईत आणि निवडणुकीत रात्रही काढतो.

निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता हवा, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२७-अ कलम बजावते. तो नसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. छापणारा कोण, हे जाणण्याची राज्यसंस्थेला एवढी निकड! परंतु तिच्या लेखी मुद्रक म्हणजे छापखान्याचा मालक. यंत्रावरचा हात तिला दिसत नाही. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा लहान दुकानांनाही लागू होता. २०१७ च्या नव्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि भरपगारी रजा यांविषयीच्या तरतुदींतून वगळले. जणू नऊ जणांना थकवा येत नाही आणि तो दहाव्यापासूनच सुरू होतो!

एवढ्या विखुरलेल्या कामगारांना संरक्षण द्यायचे तरी कसे, असा प्रश्न यावर विचारला जातो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात घरोघरी वळल्या गेलेल्या विडीत आहे. विडी कामगारापेक्षा अधिक विखुरलेला कामगार कोणता? तरीही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगार मानले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तथापि तत्त्व मान्य झाले: हक्क श्रमाचा असतो, छपराखाली किती माणसे बसतात याचा नसतो. तेच तत्त्व छपाईच्या दुकानाला लागू झाले पाहिजे.

दुकानाचा मालकही पुष्कळदा कर्जाने बांधलेला असतो, हे खरे. म्हणूनच ही जबाबदारी गिऱ्हाइकावरही येते, आणि समाजवादी कार्यकर्ता हाही गिऱ्हाईकच आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी करणारे पत्रक आदल्या रात्री दहा वाजता छापायला टाकणे, आणि दरासाठी घासाघीस करणे, हा त्या मागणीचाच उपमर्द होय. पत्रक दोन दिवस आधी द्यावे, रास्त दर मोजावा आणि यंत्र चालविणाऱ्याला किमान वेतन मिळते का, हे विचारावे. पत्रकाच्या तळाशी त्याचे नाव येणार नाही. पण वर छापलेल्या शब्दांतून तो वगळला जाऊ नये.