गेटवे सारखा तुटतोय? रीस्टार्ट मारण्याआधी हे बघा

मरोळच्या एमआयडीसीपासून मुलुंडच्या टॉवरपर्यंत जे कुणी मेंटेनन्सला आहेत, बीएमएस सांभाळतात किंवा नुकतेच डिप्लोमा करून साइटवर लागलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग. ट्रेनमध्ये असाल तर नुसतं ऐका, वही नंतर काढा.

समजा, घाटकोपरच्या एका टॉवरचं बेसमेंट. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, पंपाचा ड्राइव्ह आणि अठरा एनर्जी मीटर, सगळे आरएस-४८५ च्या एकाच लाइनवर. सगळ्यांची भाषा मॉडबस. ही भाषा मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणली आणि आजही जोरात चालू आहे. वर ऑफिसमधला कॉम्प्युटर मात्र नेटवर्कवर बोलतो. मध्ये दुभाषा बसवलाय, तो आपला गेटवे.

आता स्क्रीनवर रीडिंग येतं, जातं, परत येतं. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे एकच सांगतात, ‘गेटवे बंद करून चालू कर.’ दहा मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. कारण बऱ्याचदा दुभाषा ठीक असतो, गडबड त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे असते.

तर पहिला प्रश्न: कुठली बाजू? गेटवेला पिंग करा. पिंगच तुटत असेल तर नेटवर्कची बाजू बघा: केबल, स्विच, गेटवेचा पॉवर सप्लाय, किंवा त्याच आयपीवर बसलेलं दुसरं यंत्र. पिंग नीट येतंय आणि सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये मॉडबसचा एरर ११ दिसतोय? म्हणजे गेटवे सांगतोय की ‘मी जागा आहे, खालच्याने उत्तर दिलं नाही.’ मग ऑफिसमध्ये बसून उपयोग नाही. खाली उतरा.

खाली गेल्यावर आधी तारा. लाइन बंद करण्याआधी पंप मॅन्युअलवर टाका आणि तिथे माणूस उभा करा, विशेषतः पावसाळ्यात. मग सगळ्यांची पॉवर बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. लांब लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, म्हणून मीटरवर साधारण ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक मोकळं आहे. ४० च्या आसपास दिसले तर मधल्या एखाद्या मीटरवरही टर्मिनेशन चालू राहिलंय.

लाइन माळेसारखी हवी, एकातून दुसऱ्यात. झाडासारख्या फांद्या फुटल्या की सिग्नल परत आपटतो. ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून ही तार नेऊ नका. पंप चालू झाला की रीडिंग जातं, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या. आणि आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलचे स्क्रू काळे-हिरवे पडतात, तेही बघा.

तारा ठीक आहेत? मग वेळेचा हिशोब. ९६०० च्या स्पीडला एक बाइट जायला साधारण सव्वा मिलिसेकंद लागतो. एका मीटरकडून दहा रजिस्टर वाचायला जाऊन-येऊन ३३ बाइट, म्हणजे चाळीसेक मिलिसेकंद, वर मीटरचा विचार करायचा वेळ. वीस यंत्रांची फेरी एक-दोन सेकंदांत होते. पण एक मीटर मेला, गेटवे त्याच्यासाठी एक सेकंद थांबतो आणि आणखी तीनदा विचारतो, तर चार सेकंद तिथेच गेले. वरचं सॉफ्टवेअर एका सेकंदातच कंटाळून पुन्हा विचारत असेल, तर रांग वाढत जाते. बिघाड एका मीटरचा, पण तुटताना दिसतात सगळे. म्हणून वरचा टाइमआउट नेहमी गेटवेच्या एकूण थांबण्यापेक्षा जास्त ठेवा. मेलेलं मीटर दुरुस्त होईपर्यंत यादीतून काढा. आणि दोन-तीन सॉफ्टवेअर एकाच गेटवेला विचारतायत का, हेही तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रीडिंग गेलेलं दिसतं, तेव्हा निदान कळतं तरी. काही गेटवे खालून उत्तर आलं नाही तरी शेवटचा जुना आकडा वर देत राहतात. जुलैच्या रात्री स्क्रीनवर पाणी ४० टक्के, आणि बेसमेंटमध्ये गाड्यांची चाकं बुडालेली! त्यामुळे सेटिंगमध्ये हे शोधा: उत्तर नाही आलं तर एरर द्यायचा की जुना आकडा? एररच निवडा. पातळीच्या आकड्याशेजारी शेवटचं रीडिंग किती वाजता आलं तेही दाखवा. आणि पंपाचा फ्लोट स्विच थेट पंपाच्या पॅनलला जोडलेला असू द्या. पाणी उपसायचं काम गेटवेच्या भरवशावर ठेवू नका.

उद्या साइटवर गेलात की एक करून बघा. एका मीटरची तार काढा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. आकडा तसाच राहिला तर आजचं काम तुम्हाला मिळालं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पॅनल उघडताना चप्पल नको, सेफ्टी शूज घाला!