'दीन' म्हणजे कोण?

ग्रीक भाषेत गरिबाला दोन शब्द होते. 'पेनेस' म्हणजे राबून जेमतेम पोट भरणारा. 'प्तोखोस' म्हणजे सर्वस्व गमावून हात पसरणारा. इ. स. पूर्व ३८८ मधील अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'प्लूटस' नाटकात हा भेद स्पष्ट मांडला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू ज्यांना धन्य म्हणतो, त्यांच्यासाठी दुसराच शब्द आहे. मराठी बायबलमधील 'दीन' ते हेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात 'आत्म्याने' हे पद अधिक आहे. त्याच्या आधारे दारिद्र्याला नम्रतेचा सद्गुण ठरविणे सोयीचे झाले. परंतु लूकमध्ये लगेच भुकेल्यांना आश्वासन आणि धनवंतांचा धिक्कार येतो. भुकेला सद्गुण म्हणणाऱ्यांना म्हणूनच आपण मूळ शब्दाची साक्ष विचारली पाहिजे.