पाण्यातली शिस्त, कॉलेजची स्वप्ने

कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकले. जलतरणात भारताला आशियाई स्पर्धेतील पदक तब्बल 24 वर्षांनी मिळाले. आज भल्या पहाटे तलाव गाठणाऱ्या कितीतरी मुलामुलींना त्याच्याकडूनच उमेद मिळते.

हा खेळ शिकवतो बारकावे. भिंतीपाशी कोलांटी घेऊन दोन्ही पायांनी दिलेला रेटा, श्वासाची लय, पाण्याखाली सरळ ताणलेले शरीर. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो. हीच शिस्त अभ्यासात कामी येते.

बारावीनंतर अनेकजण पोहणे सोडतात. तसे करू नका. कॉलेजात आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत, 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. वीरधवल स्वतः पुढे तहसीलदार झाला. म्हणून प्रवेश घेताना विषयांइतकीच तलावाची आणि प्रशिक्षकाचीही चौकशी करा.